जुन्या पिकअपचे हेडलाइट बदलताना: बल्ब, वायरिंग आणि भरलेला हौदा

नारायणगावच्या टोमॅटो बाजारातून किंवा नाशिकच्या शिवारातून संध्याकाळी माल भरून निघालेली पिकअप पहाटेच्या आत वाशीला पोहोचवायची असते. तिचा बहुतेक प्रवास अंधारात होतो, आणि त्यातला बराचसा माळशेज किंवा कसारा घाटाच्या वळणांवरून होतो. अशा गाडीला दहा-बारा वर्षे झाली की ‘लाइट कमी पडते’ ही तक्रार सुरू होते, आणि तिच्यावर सहसा दोनच उपाय सुचवले जातात: १०० वॅटचा बल्ब किंवा पांढरा एलईडी बल्ब. माझ्या मते हे दोन्ही उपाय चुकीच्या जागी केलेले असतात. जुन्या बोलेरो पिकअपच्या किंवा टाटा २०७ च्या वर्गातील गाडीत साधा ६०/५५ वॅटचा हॅलोजन बल्ब पुरेसा असतो. मात्र त्याला पूर्ण व्होल्टेज मिळाले पाहिजे, त्यामागचा रिफ्लेक्टर (उजेड पुढे फेकणारा दिव्यातला आरसा) उजळ असला पाहिजे आणि हौद्यात माल असताना झोत कुठे पडतो हे तपासलेले असले पाहिजे. पुढील सर्व कृती याच क्रमाने मांडली आहे, कारण हा क्रम उलटा केला तर नवी अॅसेंब्ली (काच आणि रिफ्लेक्टरसह पूर्ण दिवा) बसवूनही रस्ता पूर्वीइतकाच अंधारा राहू शकतो.

आधी दोष ओळखावा

गाडी अंधारात भिंतीसमोर उभी करून दोन्ही दिवे डिपरवर (जवळच्या, खाली उतरत्या झोतावर) लावावेत आणि शांतपणे पाहावे. एकच दिवा मंद असेल आणि दुसरा ठीक असेल, तर दोष बहुधा त्या दिव्याच्या अर्थिंगमध्ये (प्रवाह पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या जोडणीत), कपलरमध्ये (बल्बला वायर जोडणाऱ्या प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये) किंवा रिफ्लेक्टरमध्ये असतो. दोन्ही दिवे पिवळट असतील आणि अॅक्सिलरेटर दाबल्यावर स्पष्टपणे उजळत असतील, तर चार्जिंग किंवा मुख्य वायरिंगकडे लक्ष द्यावे. दोन्ही बल्ब स्वतः लखलखीत दिसत असूनही भिंतीवरचा झोत फिका आणि पसरट असेल, तर बल्ब निर्दोष आहे आणि बिघाड काचेत किंवा रिफ्लेक्टरमध्ये आहे. झोत चांगला असून रस्ता मात्र दिसत नसेल, तर फक्त ऍडजस्टमेंट चुकलेली असते आणि एक रुपयाही खर्च न करता ती दुरुस्त होऊ शकते.

यानंतर मल्टिमीटर लागतो. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा असतो आणि या कामात त्याला पर्याय नाही, कारण टेस्टरचा छोटा दिवा वीज आहे की नाही एवढेच सांगतो, किती आहे ते सांगत नाही. इंजिन सुरू करून, वेग थोडा वाढवून आणि हेडलाइट लावून प्रथम बॅटरीच्या दोन टोकांवर मोजावे. तेथे साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले पाहिजेत. मग बल्ब जोडलेला आणि पेटलेला असतानाच कपलरच्या मागच्या बाजूने मीटरच्या सुया आत सारून तेथील व्होल्टेज पाहावे. कपलर काढून मोकळ्या टोकांवर मोजले तर आकडा फसवा येतो, कारण प्रवाह वाहत नसताना गंजलेली वायरसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते.

बॅटरी आणि कपलर यांच्यातील फरक अर्ध्या व्होल्टपर्यंत असेल तर वायरिंग ठीक समजावे. जुन्या गाड्यांत तो दीड-दोन व्होल्टपर्यंत गेलेला आढळतो, आणि त्याचा परिणाम वरवर वाटतो त्यापेक्षा खूप मोठा असतो. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, तो त्याहून झपाट्याने घसरतो. एच४ म्हणजे डिपर आणि अप्पर (दूरचा झोत) या दोन्हींसाठी वेगळे फिलामेंट असलेला हॅलोजन बल्ब; त्याचा उजेड १३.२ व्होल्टवर मोजतात. तेथे अप्परचा उजेड सुमारे १६५० लुमेन आणि डिपरचा सुमारे १००० लुमेन धरला जातो. हाच बल्ब १२ व्होल्टवर जळत असेल तर उजेड ७० टक्क्यांच्या आसपास येतो आणि ११.५ व्होल्टवर ६० टक्क्यांच्या थोडाच वर राहतो. म्हणजे गाडीच्या मालकाने ज्या उजेडाचे पैसे मोजले आहेत त्यातला तिसरा हिस्सा वायरमधल्या गळतीमुळेच हातचा जातो, आणि १०० वॅटचा बल्ब बसवल्यास त्याच वायरमधून अधिक प्रवाह जाऊन ही गळती आणखी वाढते.

फरक मोठा असेल तर तो कोणत्या बाजूला आहे हेही लगेच शोधावे. मीटरची एक सुई बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी कपलरच्या जिवंत टोकावर ठेवावी. दिसणारा आकडा हा पॉझिटिव्ह बाजूची गळती असतो. मग एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी कपलरच्या अर्थच्या टोकावर ठेवून अर्थिंगची गळती पाहावी. कोकणात किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत फिरलेल्या गाड्यांमध्ये पुष्कळदा सगळा दोष अर्थिंगच्या एका गंजलेल्या स्क्रूपाशी सापडतो. तो स्क्रू काढून, पत्र्यावरचा गंज आणि रंग पॉलिश पेपरने घासून, नवे थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) लावून घट्ट कसला आणि वरून ग्रीस लावले, की दिवा अनेकदा त्या क्षणी उजळतो.

बल्ब वारंवार जात असतील तर तपासणी उलट दिशेने करावी. बॅटरीवरचे व्होल्टेज १५ च्या जवळ जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) बिघडलेला आहे. व्होल्टेज ठरल्यापेक्षा ५ टक्के वाढले तरी हॅलोजन बल्बचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, त्यामुळे रेग्युलेटर दुरुस्त केल्याशिवाय नवा बल्ब घालणे व्यर्थ आहे.

काय विकत घ्यावे

बल्ब एच४ प्रकारचा, १२ व्होल्ट, ६०/५५ वॅटचा घ्यावा. मोठ्या ट्रकसाठी असलेला २४ व्होल्टचा, ७५/७० वॅटचा बल्ब दिसायला हुबेहूब असतो आणि १२ व्होल्टच्या गाडीत तो मंद लालसर जळतो, म्हणून दुकानातच धातूच्या बुडावर कोरलेले आकडे वाचावेत. मान्यताप्राप्त बल्बच्या बुडावर वर्तुळात ‘ई’ हे अक्षर व त्यापुढे आकडा असतो. नुसत्या खोक्यावरच्या छपाईवर विश्वास ठेवू नये. निळसर रंगाची काच असलेले बल्ब पांढरे दिसतात, पण तो निळा थर उजेडाचा काही भाग अडवतो, आणि पावसात किंवा धुक्यात त्यांचा काहीही लाभ होत नाही. दोन्ही बल्ब एकदमच बदलावेत, कारण दोघांचे वय सारखेच असते आणि एक गेला की दुसराही फार दिवस टिकत नाही.

संपूर्ण अॅसेंब्ली बदलावी की नाही, हे रिफ्लेक्टर पाहून ठरवावे. बल्ब काढून टॉर्चच्या उजेडात आत पाहिले असता आरशासारखी चकाकी दिसली पाहिजे. चंदेरी थर काळवंडला असेल, त्याच्यावर फोड आले असतील किंवा तो पापुद्र्यासारखा निघत असेल, तर तो रिफ्लेक्टर संपलेला आहे. हा थर अॅल्युमिनियमचा आणि अतिशय पातळ असतो. फडक्याने पुसल्यास तो निघून येतो, त्यामुळे आत धूळ दिसली तरी बोट किंवा कापड घालू नये.

बाहेरची काच खरी काच असेल आणि वाळू-खडी उडून तिच्यावर बारीक टोचे पडले असतील, तर तिला पॉलिश करण्यात अर्थ नाही. प्लास्टिकची लेन्स पिवळी पडली असेल आणि रिफ्लेक्टर चांगला असेल, तर मात्र लेन्स वाचवता येते. भोवतालच्या रंगाला चिकटपट्टी लावून, पाणी मारत प्रथम ८०० नंबरच्या, मग १५००, २००० आणि शेवटी ३००० नंबरच्या पॉलिश पेपरने लेन्स घासावी आणि नंतर पॉलिशिंग कंपाउंडने चमकवावी. यातील शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात: घासताना कारखान्यात दिलेला अतिनील किरणांपासून संरक्षण करणारा थरही निघून जातो, म्हणून वरून तसाच नवा पारदर्शक थर फवारावा लागतो. तो न दिल्यास काही महिन्यांतच लेन्स पुन्हा पिवळी पडते. टूथपेस्टने घासण्याचा उपाय याच कारणाने टिकत नाही.

नवी अॅसेंब्ली घेताना गाडीचे मॉडेल, वर्ष आणि चेसिस नंबर दुकानदाराला द्यावा, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक दिव्याचा आकार, बोल्टच्या जागा आणि कपलर बदललेले असतात. जुना दिवा सोबत नेणे सर्वांत उत्तम. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त नकलांमध्ये दोष रिफ्लेक्टरच्या आकारात असतो, आणि तो हातात धरून दिसत नाही. भिंतीवर झोत टाकल्यावर डिपरची वरची कड धूसर किंवा वाकडी दिसते तेव्हाच तो कळतो. म्हणून शक्य असेल तर कंपनीचा किंवा कंपनीला पुरवठा करणाऱ्या उत्पादकाचाच दिवा घ्यावा. काचेवर ‘एचसीआर’ ही अक्षरे असल्यास दिवा हॅलोजनचा असून त्यात डिपर व अप्पर दोन्ही आहेत असा अर्थ होतो. परदेशातून आलेला जुना दिवा घेण्याचा विचार असेल तर त्यावरचा बाण पाहावा: केवळ डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीसाठी बनवलेल्या युरोपीय मानकाच्या दिव्यावर, समोर उभे राहून पाहणाऱ्याच्या उजवीकडे रोखलेला आडवा बाण असतो. उजव्या बाजूच्या वाहतुकीचा दिवा आपल्या रस्त्यावर समोरच्या चालकाच्या डोळ्यांत झोत फेकतो, आणि कितीही स्क्रू फिरवले तरी तो दोष जात नाही.

जुने काढणे, नवे बसवणे

दिवे बंद करून किमान पंधरा मिनिटे थांबावे. जळत्या हॅलोजन बल्बची काच कित्येक शे अंश तापलेली असते. बॅटरीचे निगेटिव्ह टोक प्रथम सोडवावे आणि काम संपल्यावर ते सर्वांत शेवटी जोडावे. बल्बच्या आत वायू दाबाखाली भरलेला असतो, त्यामुळे जुना अडकलेला बल्ब काढताना डोळ्यांवर चष्मा असावा.

केवळ बल्ब बदलायचा असेल तर बोनेट उघडून दिव्याच्या मागे हात घालावा. ज्या बाजूला बॅटरी किंवा एअर फिल्टर असतो त्या बाजूला हात नीट जात नाही. अशा वेळी खरचटत धडपडण्यापेक्षा बॅटरी सरळ बाहेर काढून ठेवलेली बरी. कपलर वायरला धरून ओढू नये, त्याच्या प्लास्टिकला धरून डावी-उजवीकडे किंचित हलवत मागे घ्यावा. त्यानंतर रबर बूट (पाणी अडवणारी रबरी टोपी) निघतो आणि तारेची क्लिप दिसते. ती आत दाबून बाजूला सरकवली की बल्ब मोकळा होतो. क्लिप कशी अडकवलेली आहे याचा मोबाइलवर फोटो आधीच काढून ठेवावा, कारण परत बसवताना नेमके तेच विसरते.

नव्या बल्बच्या काचेला बोट लागू देऊ नये. त्वचेवरच्या तेलाचा डाग तापल्यावर काचेचा तेवढा भाग कमकुवत होतो आणि बल्ब अवेळी जातो. चुकून हात लागलाच तर स्वच्छ कापडावर स्पिरिट घेऊन काच पुसावी आणि पूर्ण सुकू द्यावी. एच४ बल्बच्या बुडाला तीन कान असतात आणि त्यांतील रुंद कान वर येतो. बल्ब एकाच स्थितीत बरोबर बसतो. जोर लावावा लागत असेल तर तो तिरका आहे असे समजून पुन्हा बसवावा. या बैठकीत एक-दोन मिलिमीटरचा फरक राहिला तरी झोताचा आकार बिघडतो. डिपरच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते आणि तीच वर जाणारा उजेड अडवून झोताला सरळ कड देते, त्यामुळे बल्ब वाकडा बसला की ती कडही वाकडी होते.

रबर बूट पूर्ण बसला आहे ना, हे चारही बाजूंनी बोट फिरवून पाहावे. पावसाळ्यात दिव्यात पाणी शिरण्याचे पहिले कारण फाटलेला किंवा अर्धवट बसवलेला बूट हेच असते. तो कडक झाला असेल तर बदलावा. मात्र दिव्याच्या मागे असलेली हवेची छोटी छिद्रे सिलिकॉन लावून बंद करू नयेत. त्यांतूनच आतली ओल बाहेर जाते.

अॅसेंब्ली बदलायची असेल तर पुढची जाळी आणि काही गाड्यांत दिव्याभोवतीची प्लास्टिकची चौकट आधी काढावी लागते. जुन्या प्लास्टिकच्या क्लिपा थंडीत पटकन तुटतात, म्हणून हे काम उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीवर करणे सोयीचे जाते. दिव्याचे बोल्ट गंजलेले असतील तर आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारा फवारा मारून ठेवावा. बोल्ट सोडवण्यापूर्वी बाजूची मडगार्डशी असलेली फट दोन्हीकडे सारखी आहे का, हे पाहून ठेवावे. गाडीला पूर्वी समोरून धक्का बसला असेल तर पत्रा सरकलेला असतो आणि नवा दिवा एका कोपऱ्यात उचलला जातो. तेव्हा दिव्याचा कान वाकवू नये, पत्रा सरळ करून घ्यावा. पार्किंगचा छोटा बल्ब आणि इंडिकेटर जुन्या दिव्यातून नव्यात न्यायचे असतील तर तेही आताच तपासावेत. सर्व बोल्ट प्रथम हाताने लावून, दिवा जागेवर नीट बसल्यावरच एकामागून एक थोडे थोडे कसावेत.

रिले: जुन्या गाडीवरचा सर्वांत उपयोगी खर्च

कित्येक जुन्या गाड्यांत हेडलाइटचा पूर्ण प्रवाह स्टिअरिंगजवळच्या कॉम्बिनेशन स्विचमधूनच जातो. ५५ वॅटचे दोन दिवे मिळून ९ अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह घेतात आणि अप्परला तो १० अँपिअर होतो. एवढा प्रवाह वर्षानुवर्षे जाऊन स्विचचे संपर्क काळे पडतात आणि कपलर वितळतात. शिवाय वायर बारीक असते. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या चार मीटर वायरमध्ये ९ अँपिअरला सुमारे ०.८ व्होल्ट गळतात. त्याऐवजी २.५ चौरस मिलिमीटरची तीन मीटर वायर बॅटरीपासून दिव्यापर्यंत थेट आणली, तर १० अँपिअरला ही गळती ०.२ व्होल्टच्या आसपास राहते.

त्यासाठी दोन रिले (छोट्या प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच) लागतात, एक डिपरचा आणि एक अप्परचा. चार पिनांच्या रिलेवर ३०, ८५, ८६ आणि ८७ हे आकडे असतात. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून निघालेली जाड वायर फ्यूजमधून रिलेच्या ३० वर आणावी आणि ८७ वरून ती दिव्यांकडे न्यावी. दिव्याकडे आधी येणारी मूळ वायर आता फक्त रिलेला इशारा देण्यासाठी ८६ वर जोडावी आणि ८५ अर्थला द्यावी. रिलेची कॉइल अंदाजे ०.१५ अँपिअर एवढाच प्रवाह घेते, त्यामुळे स्विचवरचा भार जवळजवळ नाहीसा होतो. फ्यूज डिपर व अप्परला स्वतंत्र, १५ अँपिअरचा असावा आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत असावा. फ्यूज आणि बॅटरी यांच्यामधल्या वायरला कोणतेच संरक्षण नसते. ती पत्र्याला घासून उघडी पडली तर गाडी पेट घेऊ शकते, म्हणून या बाबतीत तडजोड करू नये. दोन्ही दिव्यांच्या अर्थच्या वायरसुद्धा तितक्याच जाड घेऊन स्वच्छ केलेल्या पत्र्यावर किंवा थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर आणाव्यात. पॉझिटिव्हवर खर्च करून जुनी अर्थ तशीच ठेवली तर निम्मे काम वाया जाते.

तयार हार्नेस (रिले, वायर आणि कपलर एकत्र जोडलेला संच) बाजारात मिळते आणि जुन्या वायरिंगला न कापता ते बसवता येते: एका दिव्याचा मूळ कपलर हार्नेसच्या इशारा-कपलरला जोडायचा आणि दुसरा मूळ कपलर टेप लावून सुरक्षित बांधून ठेवायचा. तरीही ते घेण्यापूर्वी त्यातील वायरची जाडी प्रत्यक्ष पाहावी, कारण जाड प्लास्टिकच्या आत बारीक तांबे असलेली हार्नेस सर्रास विकली जातात. एच४ च्या तीन पिनांपैकी आडवी पिन डिपरची असते; उरलेल्या दोनपैकी अर्थ कोणती, ते मीटरने निश्चित करावे. काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूने बसवलेला असतो. अशा गाडीत सामायिक पिनवर १२ व्होल्ट दिसतात. तशी मांडणी आढळल्यास वरील जोडणी जशीच्या तशी करू नये आणि अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून काम करून घ्यावे.

रिले पाण्यापासून दूर, पिना खाली येतील अशा बेताने बसवावेत. वायर इंजिनच्या तापलेल्या भागापासून व पंख्यापासून दूर, नळीत घालून बांधावी. डिपर आणि अप्पर एकाच वेळी जळतील अशी जोडणी काही जण मुद्दाम करून घेतात; एच४ बल्बमध्ये दोन्ही फिलामेंट सतत एकत्र जळाले तर बल्ब आणि होल्डर दोन्ही अतिशय तापतात, म्हणून ती टाळावी.

झोत लावणे आणि पाट्यांचे गणित

दिवा बदलण्याच्या कामात सर्वाधिक दुर्लक्ष याच पायरीकडे होते, आणि पिकअपमध्ये तिचे महत्त्व कारपेक्षा जास्त आहे. डिपरचा झोत किंचित खाली उतरता असावा लागतो, आणि हा उतार टक्क्यांत सांगतात: १ टक्का म्हणजे १० मीटर अंतरावर १० सेंटिमीटर खाली. दिव्याचा मध्य जमिनीपासून ८५ सेंटिमीटर उंचीवर असेल आणि उतार १ टक्का असेल, तर झोताची कड ८५ मीटरवर रस्त्याला टेकते. उतार दीड टक्का केला तर ती ५७ मीटरच्या आसपास टेकते.

आता हौद्यात माल भरला की मागचे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) दबतात आणि गाडीचे नाक वर येते. पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर ३ मीटरच्या घरात असते, म्हणून मागची बाजू पुढच्यापेक्षा ३ सेंटिमीटर अधिक खाली बसली की झोत पूर्ण १ टक्का वर जातो. भरलेली पिकअप सहज एवढी दबते. म्हणजे रिकाम्या गाडीवर १ टक्का उतार देऊन लावलेला दिवा माल भरल्यावर क्षितिजाच्या रेषेत येतो आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला आंधळा करतो. जी गाडी रात्री बहुतेक वेळा भरलेलीच धावते, तिचा झोत नेहमीचा माल भरलेला असतानाच लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे. रिकाम्या परतीच्या फेरीत झोत थोडा जवळ पडेल, पण ते कमी धोक्याचे आहे. डॅशबोर्डवर झोत वर-खाली करणारे बटण असलेल्या गाडीत रिकाम्या गाडीवर शून्य स्थितीत झोत लावून, भार घेतल्यावर बटणाने खाली आणता येतो. अट एवढीच की ते बटण चालू स्थितीत असावे आणि चालकाने ते वापरावे.

प्रत्यक्ष कृतीसाठी सपाट जागा आणि समोर सरळ भिंत हवी. पेट्रोल पंपाचे आवार बहुधा उताराचे असते, त्यामुळे गोदामाची फरशी किंवा शाळेचे काँक्रीटचे मैदान पाहावे. चारही टायरमध्ये ठरलेली हवा भरावी, नेहमीचा भार हौद्यात ठेवावा आणि चालकाच्या जागी माणूस बसवावा. गाडी प्रथम भिंतीला अगदी जवळ नेऊन दोन्ही दिव्यांच्या मध्यबिंदूंच्या खुणा भिंतीवर खडूने कराव्यात आणि त्या जोडणारी आडवी रेघ ओढावी. त्या रेघेखाली १० सेंटिमीटरवर दुसरी रेघ ओढावी. दिवे ८० सेंटिमीटरपेक्षा उंच असतील तर ही दुसरी रेघ १२ ते १५ सेंटिमीटर खाली घेणे चांगले. दिव्याच्या अंगावर कारखान्याने उताराचा टक्का कोरलेला असेल तर तोच प्रमाण मानावा. मग गाडी सरळ मागे घेऊन दिवे भिंतीपासून १० मीटरवर आणावेत. जागा कमी असेल तर ५ मीटरवर सर्व मापे निम्मी करावीत.

डिपर लावून एका वेळी एकच दिवा पाहावा. दुसऱ्या दिव्यावर कापड किंवा पुठ्ठा ठेवू नये, तो तापून लेन्स खराब होते. त्याचा कपलर काढून ठेवावा. भिंतीवर झोताची वरची कड उजव्या भागात आडवी दिसते आणि दिव्याच्या मध्यासमोर आल्यावर ती डावीकडे सुमारे १५ अंशांनी वर चढते. डावीकडची ही चढण रस्त्याची कड, पायी चालणारे आणि रस्त्यावरचे फलक दाखवण्यासाठी असते. झोत वर-खाली करणारा स्क्रू फिरवून आडवी कड खालच्या रेघेवर आणावी आणि झोत डावी-उजवीकडे सरकवणारा स्क्रू फिरवून चढण सुरू होण्याचा कोपरा त्या दिव्याच्या मध्यखुणेखाली आणावा. स्क्रूची शेवटची हालचाल नेहमी कसण्याच्या दिशेने करावी, म्हणजे धक्क्यांनी तो सैल होत नाही. जुन्या दिव्यात स्क्रूची प्लास्टिकची बैठक तुटलेली असते. मग स्क्रू फिरतो पण झोत हलत नाही. ती बैठक स्वतंत्र मिळते, केवळ तेवढ्यासाठी अॅसेंब्ली घेण्याची गरज नाही. दोन्ही दिव्यांचा डिपर नीट लागला की अप्पर आपोआप जागेवर येतो, कारण दोन्ही फिलामेंट एकाच बल्बात असतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ या बाबतीत नेमके माप देतो. दिव्यापासून ८ मीटर पुढे, वाहनाच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला झोताने दिपवता कामा नये. भिंतीवरचे काम झाल्यावर एकाने नेमके त्या जागी उभे राहून पाहावे. यापेक्षा सोपी आणि प्रामाणिक परीक्षा दुसरी नाही.

एलईडी आणि १०० वॅटबद्दल

हॅलोजनसाठी घडवलेला रिफ्लेक्टर हा फिलामेंट ज्या बिंदूवर असतो त्या बिंदूसाठी मोजून बनवलेला असतो. एच४ च्या होल्डरमध्ये बसणाऱ्या एलईडी बल्बमध्ये उजेड देणाऱ्या पट्ट्या दोन बाजूंना चपट्या बसवलेल्या असतात, त्यामुळे उजेड सर्व बाजूंना सारखा न पडता झोतात डाग पडतात आणि डिपरची कड विस्कटते. चालकाला गाडीच्या अगदी पुढचा भाग पांढराशुभ्र दिसतो आणि लाइट वाढल्यासारखे वाटते, परंतु त्या जवळच्या झगमगाटाने डोळ्याची बाहुली लहान होऊन दूरचे उलट कमी दिसते. समोरच्यावर पडणारा त्रास तर उघडच आहे. १०० वॅटच्या बल्बचा झोत आकाराने बरोबर असतो, पण १०० वॅटचे दोन अप्पर १६ अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतात. होल्डर जळतो, प्लास्टिकचा रिफ्लेक्टर वितळतो आणि दिव्याची मान्यता ज्या वॅटवर आहे ती मर्यादा ओलांडली जाते. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि तेथे हेडलाइट तपासले जातात. त्या वेळी असे बदल अडचणीचे ठरतात. वायरिंग सुधारल्यानंतर, झोत लावल्यानंतर आणि काच स्वच्छ केल्यानंतरही उजेड अपुरा वाटत असेल, तर चालकाच्या डोळ्यांची तपासणी करून घ्यावी, आणि समोरची काच आतून पुसावी. धूम्रपानाचा आणि धुळीचा आतला थर रात्री समोरच्या दिव्यांनी चमकून रस्ता झाकतो.

पहिली भरलेली फेरी झाल्यावर दिव्याचे बोल्ट आणि रिलेचे स्क्रू पुन्हा एकदा कसून पाहावेत, फ्यूज व कपलर यांना हात लावून ते तापत नाहीत ना हे तपासावे आणि कपलरवरचे व्होल्टेज मोजून गाडीच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावे. पुढच्या पावसाळ्यानंतर तोच आकडा पुन्हा घ्यावा. तो अर्ध्या व्होल्टने घसरला असेल तर प्रथम अर्थिंगचा स्क्रू पाहावा. मागचे पाटे बदलले, त्यांत एखादा पाटा वाढवला किंवा टायरचे माप बदलले, तर झोत नव्याने लावावा लागतो. एक नवा बल्ब त्याच्या मूळ डबीत, दोन १५ अँपिअरचे फ्यूज आणि एक रिले कॅबिनमध्ये कापडात गुंडाळून ठेवावेत.